ठाणे-कल्याणच्या ख्रिस्ती घराचे पंचांग

१/ ठाणे आणि कल्याण यांचा ख्रिस्ती इतिहास सांगताना बिशप, संन्यासी, किल्ले आणि तह यांची नावे येतात. घराचे नाव क्वचितच येते. वास्तविक या परिसरात राज्ये बदलली, धर्मसत्तेची केंद्रे बदलली, प्रार्थनेची भाषाही बदलली. या साऱ्या उलथापालथीत टिकून राहिले ते घराचे वर्ष: नाताळ, उपवासाचा काळ, लग्नसराई, पेरणी, वांद्र्याची जत्रा, नव्या भाताचा सण आणि मृतांचे स्मरण. हे वर्ष कोठून आले, कसे टिकले आणि आज त्यातले काय निसटत आहे, याचा हा आढावा.

२/ सुरुवात कल्याणपासून. इ.स. ५५०च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस याने आपल्या ग्रंथात ‘कल्लियाना’ या बंदराचा उल्लेख केला. तेथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो, असे तो सांगतो. बहुसंख्य अभ्यासक हे बंदर म्हणजे उल्हास खाडीवरचे कल्याण मानतात. उडुपीजवळच्या कल्याणपूरचा पक्षही मांडला गेला आहे.

३/ कॉस्मसच्या काळातील हे कल्याण पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या व्यापारपेठांपैकी एक होते. तांबे, शिसवीचे लाकूड आणि कापड यांसाठी ते प्रसिद्ध होते. पर्शियाच्या आखाताशी जोडलेल्या अशा बंदरातील ख्रिस्ती कुटुंबाचे वर्ष दोन गोष्टींनी बांधलेले असणार: पूर्वेकडील सिरियाक परंपरेचे सण आणि मोसमी वारे. पावसाळ्यात समुद्र बंद. वारे फिरले की गलबते, पाहुणे आणि धर्मगुरू येणार. या कुटुंबांनी लिहिलेली एक ओळही हाती आलेली नाही. नाव टिकले ते बंदराचे.

४/ घराचा पहिला स्पष्ट उल्लेख मिळतो ठाण्यात, १३२१ साली, आणि तोही एका भांडणाच्या निमित्ताने. होर्मुझहून कोल्लमकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन आणि त्यांच्यासोबतचा जॉर्डनस हा डोमिनिकन संन्यासी ठाण्याच्या बंदरात पोहोचले. पुढे येथे आलेल्या ओडोरिक या इटालियन प्रवाशाने लिहिल्याप्रमाणे गावात त्या वेळी नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची १५ घरे होती. त्यांपैकी एका घरी हे पाहुणे उतरले.

५/ ओडोरिकचा वृत्तांत असा: घरधनी आणि त्याची पत्नी यांच्यात तंटा झाला. नवऱ्याने तिला मारहाण केली. सकाळी ती स्त्री काझीकडे दाद मागायला गेली. काझीने पुरावा विचारला, तेव्हा तिने घरी उतरलेल्या चार परदेशी साधूंचे नाव साक्षीदार म्हणून सांगितले. साधूंना बोलावणे गेले. पीटर सामान राखण्यासाठी घरीच थांबला आणि बाकीचे तिघे गेले. तेथे साक्ष बाजूला राहिली आणि धर्मचर्चा पेटली.

६/ त्या चर्चेचा शेवट चौघांच्या हत्येत झाला. काळ १३२१च्या एप्रिलचा. टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि जॉर्जियातील तिफ्लिसचा दिमित्री ही त्यांची नावे. दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल स्थानिक अधिकाऱ्याला शासन केले, असेही ओडोरिक सांगतो. त्या वेळी गावाबाहेर असलेल्या जॉर्डनसने मृतदेह सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी थेट चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेल्या.

७/ युरोपात या चौघांची स्मृती शतकानुशतके जपली गेली. ज्या स्त्रीच्या तक्रारीमुळे हा प्रसंग घडला, तिचे मात्र नावही उरले नाही. तिला न्याय मिळाला की नाही, हेही त्या वृत्तांताला महत्त्वाचे वाटले नाही. तरी एक गोष्ट त्यातून निश्चित कळते. ठाण्यातील ख्रिस्ती कुटुंब तेव्हा शहराच्या जीवनात मिसळलेले होते, परक्या पाहुण्यांना घरी ठेवून घेत होते आणि घरातील स्त्री एकटीने जाऊन काझीपुढे उभी राहू शकत होती.

८/ आजच्या ईस्ट इंडियन कुटुंबांच्या धर्मजीवनाचा पाया मात्र पोर्तुगीज काळात घातला गेला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. साष्टी बेटावरचे ठाणे त्यात आले. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट संन्यासी गावोगावी फिरू लागले. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च याच सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन कार्याचा वारसा सांगते.

९/ स्नानसंस्काराबरोबर नवी नावे आली. शेतकरी, कोळी, कारागीर अशा सर्व थरांतील कुटुंबे परेरा, डिसोजा, डिमेलो, रॉड्रिग्ज झाली. आडनाव बदलले, तरी चुलीजवळची बोली मराठीच राहिली. मिस्सा लॅटिनमध्ये होई, घरातले भांडण आणि अंगाईगीत मराठीत. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराईश यांचे ख्रिस्ताच्या यातनांवरील मराठी पुराण १६५९ साली लिस्बनमध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत उपवासकाळात ते पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले.

१०/ मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. युरोपीय पाद्री निघून गेले, त्यांचे मठ ओस पडले, अनेक चर्चचे छप्पर कोसळले. वसईच्या घंटा देशावरील देवळांत पोहोचल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच एक. राजाश्रयावर उभा राहिलेला धर्म राजा गेल्यावर टिकेल काय, हा प्रश्न त्या वेळी साष्टीतील प्रत्येक ख्रिस्ती घरापुढे उभा होता.

११/ उत्तर २० वर्षांनंतरच्या एका परक्या साक्षीदाराने दिले. आंक्तील-द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान १७६०च्या सुमारास साष्टीतून फिरला. मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे साजरे करीत आहेत आणि उपासना देशी पाद्री चालवीत आहेत, असे त्याला आढळले. युरोपीय संन्याशांवाचून वर्ष थांबले नव्हते. राखेचा बुधवार, ईस्टर आणि नाताळ यांची गणती आता गावातल्याच माणसांच्या हाती होती.

१२/ डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकले आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. धर्मसत्तेचे धागे मात्र आणखी गुंतले. पोर्तुगालचा राजा आणि रोम यांच्यात अधिकाराचा वाद होता. त्यामुळे ठाण्याचे ख्रिस्ती घर गोव्याच्या आर्चबिशपाकडून १८८६ साली स्थापन झालेल्या दमण धर्मप्रांताकडे आणि १९२८ मध्ये मुंबईच्या आर्चबिशपाकडे गेले. घर हलले नाही, त्याचा वरिष्ठ मात्र दोनदा बदलला.

१३/ ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यानंतरचे. मुंबईत नोकरीसाठी गोव्यातून आणि मंगळूरकडून ख्रिस्ती लोक येऊ लागले. त्यांचीही आडनावे पोर्तुगीजच होती. आपण येथलेच मूळ रहिवासी आहोत आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून तिच्या चाकरीत आहोत, हे वेगळेपण दाखवण्यासाठी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठीभाषक समाजाने ‘पूर्व भारतीय’ म्हणवून घ्यावे, यामागचे कारण हे असे नोकरीचे आणि ओळखीचे आहे.

१४/ आता प्रत्यक्ष वर्ष. ते १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो आणि तेथून धर्मवर्षाचा आरंभ होतो. ठाण्याच्या शेतकरी कुटुंबासाठी हा काळ सोयीचा होता, कारण भात घरात आलेले असे आणि हाताशी थोडा पैसा असे. गव्हाणी, चांदण्या, मध्यरात्रीची मिस्सा, कुलकुल आणि नेवऱ्या यांचे ताट शेजाऱ्यांकडे पाठवणे, हा सारा थाट त्या भरल्या कणगीवर उभा होता.

१५/ नाताळ ते उपवासकाळ ही लग्नाची पहिली सराई. लग्नाच्या आदल्या रात्री ‘उंबराचे पाणी’ आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. साथीला घुमट असते. लाल चौकडीचे लुगडे, ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे फुगियास, मांडव आणि मराठी गाणी या विधीत दिसतात. वधूवर वेदीपुढे शपथ घेतात ते रोमन रीतीने. त्यांना तेथवर पोहोचवणारी रीत कोकणातली आहे. एकाच लग्नात दोन्ही परंपरा नांदतात आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

१६/ जानेवारी-फेब्रुवारीत आरोग्याशी जोडलेले दोन दिवस येतात. २० जानेवारी हा संत सेबास्टियनचा सण. रोगराईपासून रक्षण करणारा संत म्हणून युरोपात त्याची ख्याती होती आणि ती पोर्तुगिजांबरोबर येथे आली. ११ फेब्रुवारी हा लूर्द मातेचा दिवस. १८५८ साली फ्रान्समधील लूर्द येथे झालेल्या दर्शनाची ही आठवण. कल्याणचे चर्च याच लूर्द मातेच्या नावाने आहे. १९९३ पासून कॅथलिक जगात हाच दिवस जागतिक रुग्ण दिन म्हणून पाळला जातो.

१७/ फेब्रुवारीतच वसईची एक आठवण येते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. साष्टी आणि वसई यांच्यामध्ये फक्त एक खाडी. त्यामुळे आपल्या पलीकडच्या गावचा मुलगा संत झाला, ही गोष्ट ठाण्याच्या घरांतही आप्ताची गोष्ट म्हणून सांगितली गेली.

१८/ उपवासकाळापूर्वीचे तीन दिवस ‘इंत्रुज’चे, म्हणजे खाण्यापिण्याचे आणि थट्टामस्करीचे. मग राखेचा बुधवार येतो आणि घर एकदम शांत होते. चाळीस दिवस लग्न नाही, मांस कमी, संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची भक्ती. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आसपासच ईस्टर येतो. हनुमान जयंतीची पालखी आणि ईस्टरची मिरवणूक यांच्यात अनेकदा थोड्याच दिवसांचे अंतर राहते.

१९/ ईस्टरनंतर उन्हे तापतात आणि अंगणात मिरच्या पसरतात. ‘बॉटल मसाला’ हा ईस्ट इंडियन घराचा वर्षभराचा ठेवा. मिरची, धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी असे वीसहून अधिक जिन्नस वाळवून, भाजून, उखळात मुसळांनी कुटले जातात. घरोघर फिरून मसाला कुटणाऱ्या बायका असत आणि कांडताना गाणीही असत. तयार मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरत, कारण उजेड आणि दमट हवा यांपासून तो तेथे सुरक्षित राही. नाव पडले ते त्या बाटलीवरून.

२०/ मे महिना क्रूसांचा. पवित्र क्रूस सापडल्याचा सण ३ मे रोजी असे. रोमच्या पंचांगातून तो १९६० मध्ये वगळला गेला, तरी गावठाणांनी तो सोडला नाही. संध्याकाळी गावाच्या क्रूसाला फुले वाहायची, मेणबत्त्या लावायच्या, जपमाळ आणि लितानी म्हणायची, शेवटी चणे किंवा गोड पदार्थ वाटायचा. पाद्री असलाच पाहिजे असे नाही. घरची वडीलधारी स्त्री प्रार्थना सुरू करते. १७३९ नंतरचा समाज कसा टिकला असेल, याचे उत्तर या दृश्यात मिळते.

२१/ यांतील अनेक क्रूस एका भीतीतून उभे राहिले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि लवकरच तो साष्टीत पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. घरांची झडती, रुग्णांचे विलगीकरण आणि रेल्वेत तपासणी सुरू झाली. मुंबईहून निघालेल्या गाड्या कल्याणला थांबवून प्रवाशांना उतरवत आणि तपासत. ज्या रेल्वेने माणसांना जवळ आणले होते, तिच्याच फलाटावर आता माणसे एकमेकांपासून दूर उभी राहू लागली.

२२/ कुटुंबापुढे तेव्हा दोन मार्ग होते आणि अनेकांनी दोन्ही धरले. जानेवारी १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिनने मुंबईत तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. दुसरीकडे साष्टीच्या गावठाणांतून लोकांनी नवस बोलून वेशीवर आणि चौकात क्रूस उभारले. त्यांच्या चौथऱ्यांवर कोरलेली वर्षे आजही वाचता येतात. रस्तारुंदीच्या नकाशात असा क्रूस केवळ अडथळा ठरतो. गावकऱ्यांच्या लेखी तो साथीत वाचलेल्यांनी मागे ठेवलेला दस्तऐवज आहे.

२३/ २४ जून हा संत जॉन बाप्टिस्टचा, म्हणजे ठाण्याच्या जुन्या चर्चच्या आश्रयदात्या संताचा दिवस. मृग बरसून गेलेला, विहिरी भरू लागलेल्या, भाताची रोपे वर आलेली. पाण्याने स्नानसंस्कार देणाऱ्या संताचा सण पहिल्या पावसात यावा, हा योग कोकणच्या हवामानाला फारच मानवला. गोव्यात या दिवशी विहिरीत उड्या मारतात. साष्टीच्या शेतकऱ्याला मात्र त्या दिवसांत लावणीची घाई. प्रार्थना आटोपून तो चिखलात उतरे.

२४/ सप्टेंबर म्हणजे प्रवास. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिन आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरीची, म्हणजेच ‘मोत माउली’ची जत्रा. ठाणे आणि वांद्रे दोन्ही साष्टी बेटावर असल्याने ठाण्याच्या कुटुंबाला ही यात्रा बैलगाडीने जमिनीवरूनच करता येई. उलट मुंबई बेटावरच्या भाविकांना १८४५ मध्ये माहीमचा लेडी जमशेटजी कॉजवे खुला होईपर्यंत होडीने खाडी ओलांडावी लागे.

२५/ या जत्रेत श्रद्धा, आरोग्य, प्रवास आणि उत्सव एकत्र येतात. टेकडीच्या पायथ्याशी मेणाचे हात, पाय, डोळे, बाळे आणि घरे विकायला असतात. ज्या अवयवाचे दुखणे तो मेणात घडवलेला अवयव मातेला वाहायचा; मूल हवे असेल तर बाळ, निवारा हवा असेल तर घर. ही भाषा पंढरीच्या किंवा जेजुरीच्या वाटेवरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच आज १९०४ सालच्या या वास्तूत सर्व धर्मांचे लोक रांगेत उभे दिसतात.

२६/ प्रवासाचा वेग बदलला तो १६ एप्रिल १८५३ रोजी. बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोहोचली. १ मे १८५४ रोजी मार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला. शेतावर राबणाऱ्या घरातला मुलगा आता सकाळी मुंबईच्या कचेरीत जाऊन रात्री परत येऊ शकत होता. कल्याण मोठे जंक्शन झाले आणि रेल्वेच्या चाळींतून गोव्याची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबेही राहू लागली. धर्मग्रामाच्या नोंदवहीत शेतकऱ्यांबरोबर गार्ड, ड्रायव्हर आणि कारकून दिसू लागले.

२७/ ऑक्टोबरचा पहिला रविवार ‘आगेरा’चा. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणायच्या, पाद्रीने त्यांवर आशीर्वाद द्यायचा आणि मग प्रत्येक कुटुंबाने एक लोंबी घरी नेऊन ठेवायची. हे नाव लॅटिनमधील शेतवाचक शब्दाशी जोडले जाते. विधी मात्र कोकणातील ‘नवान्ना’चा सख्खा भाऊ आहे. पिकाचा पहिला घास देवाला, मग घराला, ही समजूत धर्मांतराच्या आधीची आणि नंतरही तितकीच जिवंत.

२८/ २ नोव्हेंबरला वर्ष मृतांकडे वळते. कबरी धुऊन, झेंडूच्या फुलांनी सजवून, मेणबत्त्या लावून कुटुंब तेथे उभे राहते. दिवाळीच्या पणत्या आणि स्मशानभूमीतील मेणबत्त्या बहुधा एकाच पंधरवड्यात पेटतात. मग महिनाअखेरीस पुन्हा आगमनकाळ आणि नवे वर्ष. पीक, विवाह, आजार, यात्रा, मृत्यू यांतील कोणतीही गोष्ट या पंचांगाबाहेर राहत नाही.

२९/ आता पुन्हा कल्याणकडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरळमधून हजारो कुटुंबे कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर येथे आली. कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत टंकलेखक, अनेक स्त्रिया रुग्णालयांत परिचारिका. यांतील संत थॉमसच्या परंपरेतील ख्रिस्ती घरांचे वर्ष थोडे निराळे. ३ जुलैला संत थॉमसचा ‘दुक्राना’. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी रात्री घरातच ‘पेसहा’: कुटुंबप्रमुख बेखमीर अप्पम मोडून, नारळाच्या दुधाच्या ‘पाल’बरोबर, वयाच्या क्रमाने सर्वांना वाटतो.

३०/ त्यांच्या वर्षातील मोठा प्रवास उन्हाळ्याचा. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्यापूर्वी केरळची गाडी कल्याणहून घाट चढून पुणे, सोलापूर, गुंटकलमार्गे दोन दिवसांच्या वळणाने जाई. फळीवर झोपलेली मुले, लोणच्याच्या बरण्या, परतीच्या वेळी फणस आणि केळ्यांचे वेफर्स. डोंबिवलीच्या एका खोलीत रुजलेल्या कुटुंबाला आपण कोठले, याचा दाखला दरवर्षी त्या गाडीत मिळत असे.

३१/ १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी या समाजासाठी कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन केला. या चर्चची उपासनापरंपरा पूर्व सिरियाक आहे. कॉस्मसने नोंदवलेल्या, पर्शियातून नेमल्या जाणाऱ्या बिशपाची परंपराही तीच. ‘कल्लियाना’ म्हणजे हेच कल्याण असेल, तर जवळजवळ साडेचौदाशे वर्षांनी त्याच परंपरेचा बिशप पुन्हा त्याच नगराच्या नावाने नेमला गेला. या वेळी तो आला पर्शियन व्यापाऱ्यांच्या मागे नाही, लोकलच्या दुसऱ्या वर्गातून रोज उभ्याने जाणाऱ्या नोकरदारांच्या मागे.

३२/ ठाण्यातील जुन्या घरांसाठी मात्र हाच काळ संकोचाचा ठरला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि वागळे औद्योगिक वसाहतीची वाढ झाली. कारखाने आले, मग त्यांच्या जागी इमारती आल्या. भातशेती मोजणीच्या नकाशात ‘बिनशेती’ झाली. शेत विकून मिळालेल्या पैशातून मुले शिकली, हेही खरे. परंतु आगेऱ्याला लागणाऱ्या लोंब्या आता अनेक ठिकाणी बाहेरगावाहून आणाव्या लागतात. आशीर्वाद तोच आहे, ज्या मातीसाठी तो मागितला जाई ती माती सिमेंटखाली आहे.

३३/ भाषेचेही तसेच. १९६०च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली. मराठीसाठी ती मोठी संधी होती. तोपर्यंत शाळा आणि नोकरी इंग्रजीत गेल्या होत्या. त्यामुळे अनेक ईस्ट इंडियन घरांत मुलांची प्रार्थना इंग्रजीत झाली आणि आजीची बोली लग्नाच्या गाण्यांपुरती उरली. ज्या भाषेने युरोपीय पाद्री गेल्यावर धर्म सांभाळला होता, तिलाच आता कोणी सांभाळावे, असा प्रश्न आहे.

३४/ या पंचांगाची अलीकडची परीक्षा २०२० मध्ये झाली. १२ एप्रिलचा ईस्टर टाळेबंदीत आला. चर्चची दारे बंद, मिस्सा फोनच्या पडद्यावर. सप्टेंबरची वांद्र्याची जत्राही भरली नाही. तेव्हा घरातल्या घरात मेणबत्ती लावून जपमाळ म्हणणारी कुटुंबे नकळत जुन्याच वाटेवर चालत होती. पाद्री नाही, मिरवणूक नाही, समोर साथ. तरी दिवस मोजायचे आणि पाळायचे. १७३९ मध्ये आणि १८९६ मध्येही घराने हेच केले होते.

३५/ सारांश असा. ठाणे-कल्याणचा ख्रिस्ती समाज बंदराच्या व्यापारातून, परक्या राजसत्तेतून आणि पुढे रेल्वे-कारखान्यांच्या ओढीने घडला. पण प्रत्येक वेळी त्याला टिकवले ते घरातील वर्षचक्राने. ते चक्र चालवणारी माणसे, विशेषतः स्त्रिया, दप्तरांत फारशी आढळत नाहीत. १३२१ साली काझीकडे गेलेल्या त्या स्त्रीचे नाव आता कधीच कळणार नाही. मसाल्याचे प्रमाण, उंबराच्या पाण्याची गाणी, क्रूसाच्या चौथऱ्यावरचा आकडा, आजीच्या बोलीतली लितानी या गोष्टी मात्र अजून विचारता येतात, लिहून ठेवता येतात. येत्या आगेऱ्यापूर्वी प्रत्येक घराने एवढे केले, तरी पुढच्या इतिहासकाराला भांडणाची वाट पाहावी लागणार नाही.